शब्दाचा सेवक : संगीतकार आर्वो पॅर्ट

उपासनेंतील गीत चांगलें झालें, असें आपण केव्हां म्हणतों? पेटी सुरांत वाजली, मृदंगानें ठेका धरिला आणि मंडळीचा आवाज देवळाबाहेर गेला, म्हणजे बहुधा आपलें समाधान होतें. परंतु गीताचे शब्द अंतःकरणांत उतरले कीं नाहीं, हा प्रश्न मागेंच राहातो. ज्यांनीं हा प्रश्न आपल्या कामांत सर्वांत पुढें ठेविला, अशा एका संगीतकाराचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आर्वो पॅर्ट यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ रोजीं एस्टोनिया देशांतील पाइदे या गांवीं झाला. हा लहानसा देश बाल्टिक समुद्राच्या कांठीं आहे व तेथील लोकांस समूहगायनाची मोठी आवड. १८६९ सालीं तार्तू शहरीं त्यांचा पहिला गायनोत्सव भरला होता. पॅर्ट यांचें बालपण राकवेरे येथें गेलें. घरीं एक जुना पियानो होता. त्याचे मधले स्वर बिघडलेले असल्यामुळें मुलगा दोन्ही टोकांच्या स्वरांशीं खेळत बसे. पुढें ताल्लिन येथील संगीत विद्यालयांत हाइनो एलर या गुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें, आणि त्या काळांत कांहीं वर्षें त्यांनीं रेडिओ केंद्रांत ध्वनिमुद्रणाची नोकरी केली.

त्या वेळीं एस्टोनिया सोव्हिएत अंमलाखालीं होता, आणि धर्माचा उघड उच्चार त्या सत्तेस खपत नसे. अशा दिवसांत, १९६८ सालीं, पॅर्ट यांची 'क्रेदो' ही रचना ताल्लिन येथें नेमे यार्वी यांच्या संचालनाखालीं गाइली गेली. 'क्रेदो' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी विश्वास धरितों' असा आहे. या रचनेंत येशू ख्रिस्तावरील विश्वासाचा स्पष्ट अंगीकार असून, सूड घेऊं नये याविषयींचें मत्तयाच्या ५ व्या अध्यायांतील प्रभूचें वचनहि गुंफिलेलें आहे. सूडाचा भाग येतो तेथें वाद्यांचा व आवाजांचा भयंकर गोंधळ माजतो. शेवटीं तो शमून बाखच्या एका साध्या, शांत स्वररचनेंत विरून जातो. अधिकाऱ्यांचा रोष झाला. ती रचना पुन्हां गाण्यास बंदी झाली, आणि पॅर्ट यांच्याकडे येणारें कामहि आटलें. एक नांव उघडपणें उच्चारिल्यानें मनुष्याचें स्थान कसें जातें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस सांगावयास नको.

बाहेरून दार लागलें, त्याच वेळीं त्यांच्या मनांतहि एक दार लागलें होतें. तोंवर शिकलेली नवी, गुंतागुंतीची पद्धति आतां त्यांस पोकळ वाटूं लागली. पुढलीं सुमारें आठ वर्षें त्यांनीं फारच थोड्या रचना केल्या. १९७१ सालची तिसरी सिंफनी ही त्यांतील मुख्य. या काळांत त्यांनीं प्राचीन मंडळीचें एकस्वरी गायन एखाद्या नव्या विद्यार्थ्याप्रमाणें अभ्यासिलें. स्तोत्र वाचावें आणि लागलीच एक सुरावट लिहावी, अशा वह्यांमागून वह्या भरल्या. १९७२ सालीं ते ऑर्थोडॉक्स मंडळींत सामील झाले.

१९७६ सालीं 'फ्युर अलीना' या पियानोवरील लहानशा रचनेनें हें मौन सुटलें. या नव्या पद्धतीस त्यांनीं 'तिंतिनाबुली', म्हणजे लहान घंटा, असें नांव दिलें. तींत दोन आवाज जोडीनें चालतात. एक आवाज पायरीपायरीनें शेजारच्या स्वरावर चढतो व उतरतो. दुसरा केवळ तीन स्वरांवर राहातो, जसे आपले षड्ज, गांधार व पंचम. तंबोरा गवयाची सोबत सोडीत नाहीं, तसाच हा दुसरा आवाज. मात्र पहिल्याच्या प्रत्येक स्वरासाठीं तो नियमानें आपला स्वर निवडतो. पॅर्ट यांच्या मतें पहिला आवाज म्हणजे चुकणारा, भटकणारा मनुष्य, आणि दुसरा म्हणजे क्षमा. त्यांच्या पत्नी नोरा यांनीं याचें वर्णन एक अधिक एक बरोबर एक, असें केलें आहे.

या पद्धतींत शब्द हा धनी व सूर हा चाकर आहे. शब्दांत अक्षरें किती, यावरून सुरावटीची लांबी ठरते. १९८२ सालीं पूर्ण झालेल्या 'पासियो' या रचनेंत योहानाच्या शुभवर्तमानांतील प्रभूच्या दुःखसहनाची कथा लॅटिन भाषेंत गाइली जाते. तींत स्वल्पविराम व पूर्णविराम यांवरूनहि स्वर किती लांबवावा तें ठरतें. गाणाऱ्यानें आपलें कौशल्य दाखवावें, अशी जागाच तेथें ठेविलेली नाहीं. ऐकणाऱ्याचें चित्त केवळ कथेवर राहातें.

१९८० सालीं पॅर्ट कुटुंबास देश सोडावा लागला. प्रथम व्हिएन्ना व मग बर्लिन येथें त्यांनीं वस्ती केली. १९९१ सालीं एस्टोनिया पुन्हां स्वतंत्र झाला, आणि कालांतरानें पॅर्ट मायदेशीं परतले. ज्या देशांत त्यांच्या गीतावर बंदी होती, त्याच देशांत लाउलास्मा येथें त्यांच्या हस्तलिखितांसाठीं उभारिलेली इमारत २०१८ सालीं खुली झाली.

या चरित्रापासून गांवच्या मंडळीनें काय घ्यावें? पॅर्ट यांची पद्धति आपणांस उचलावयाची नाहीं. आपला अभंग, आपली ओवी आपणांस पुरेशी आहे. परंतु त्यांचा क्रम घेण्यासारखा आहे. गीत शिकवितांना शिक्षकानें प्रथम पेटी बंद ठेवून शब्द मोठ्यानें वाचावे आणि कठीण शब्दांचा अर्थ मुलांस व म्हाताऱ्यांस सांगावा. चाल अशी निवडावी कीं शब्द मध्येंच तुटूं नये. कडवें संपतांच दुसऱ्यावर धांव घेऊं नये, क्षणभर थांबावें. पॅर्ट आठ वर्षें थांबले, तेव्हां त्यांस आपला सूर सांपडला. आपणांस एका श्वासाइतकें थांबतां येणार नाहीं काय?