मूडल आपलं, पण अपग्रेड कोण करणार?

मुंबईत भोईवाड्यातल्या ज्या कॉलेजचा सर्व्हर मी सांभाळतो, तिथे मूडल हे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर आलं 2020च्या लॉकडाऊनमध्ये, घाईगडबडीत. सॉफ्टवेअर फुकट, सर्व्हर कॉलेजचा, मुलांचे मार्क आपल्याच ताब्यात. निर्णय योग्यच होता. पवईच्या आयआयटीतही मूडलच चालतं. घोळ झाला तो पुढे. गुणपत्रक विद्यापीठाच्या नमुन्यात दिसावं म्हणून कंत्राटदाराने मूडलच्या मूळ फाइलींतच हात घातला आणि नोंद कुठेही ठेवली नाही. कंत्राट संपलं, माणूसही गेला.

आमची आवृत्ती 3.9. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं डिसेंबर 2023मध्ये थांबलं. आम्हाला जायचंय 4.5वर, पण तिथे थेट जाता येत नाही, आधी 4.1 गाठावं लागतं. शिवाय 4.5ला पीएचपी किमान 8.1 हवं, म्हणजे सर्व्हरही बदलत न्यायचा. चाचणीच्या कॉपीवर पहिला टप्पा पार केला आणि गुणपत्रकाचा नमुना गायब! नव्या फाइली जुन्यांवर बसल्या, बदल पुसले गेले.

तुमच्याकडेही असंच कुणी करून गेलं असेल, तर आपल्याच आवृत्तीची कोरी प्रत उतरवून घ्या आणि सर्व्हरवरच्या फोल्डरशी डिफ कमांडने ताडून पाहा. जे वेगळं निघेल ते प्लगइनमध्ये हलवा. पुढच्या कंत्राटात मूळ फाइलींना हात लावायचा नाही, अशी अटच घाला. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक प्लगइनला वाली आहे का, हेही बघा.

बॅकअप म्हणजे डेटाबेस, एवढंच बरेच जण धरतात. शिक्षकाने चढवलेली पीडीएफ मात्र मूडलडेटा फोल्डरमध्ये असते, तीही हॅशच्या अगम्य नावाने. खरं नाव डेटाबेसमध्ये. एक हरवलं की दुसरं जवळपास निरुपयोगी. दोन्ही घ्या, सोबत कॉन्फिग फाइल, आणि प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. जवळच्या हिंदमाता भागात पाणी तुंबलं की इथे तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या कपाटाचा काय भरवसा? वर्षातून एकदा त्या प्रतीवरून साइट उभी करून बघा.

4.5च्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर 2027पर्यंत आहेत. तेव्हा सत्र ऐन भरात असेल, म्हणून 4.5नंतरचं अपग्रेड त्याच वर्षीच्या मेच्या सुट्टीत धरा आणि त्याच्या पैशांची तरतूद आदल्या अंदाजपत्रकातच करून घ्या.