सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा घरच्या घरी कशी काढाल?

पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केला, फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात दोन-चार मार्कांसाठी परत लिहिला आणि सबमिशन संपताच विसरूनही गेलो. पण हल्ली पार्किंगमध्ये डिस्क ब्रेकच्या सायकली बऱ्याच दिसतात. त्यातल्या ज्यांना केबल नसून तेलाची नळी असते, त्यांच्या मालकाचा जीव घाट उतरताना याच नियमाच्या भरवशावर असतो. म्हणून थोडी थिअरी आणि मग प्रत्यक्ष काम, असं दोन्ही या लेखात पाहू.

आधी थोडं गणित

हँडलवरच्या लिव्हरला एक छोटा पिस्टन जोडलेला असतो, तो मास्टर सिलिंडर. चाकापाशी कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन मोठे पिस्टन असतात. मधल्या नळीत तेल असतं. समजा, बोटाने ४० न्यूटन बल लावलं आणि लिव्हरमुळे ते पाचपट झालं. मास्टर पिस्टनवर २०० न्यूटन आले. त्याचा व्यास १० मिमी धरला तर क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी, म्हणजे दाब सुमारे २.५ मेगापास्कल. कॅलिपरचा पिस्टन २२ मिमीचा धरला तर क्षेत्रफळ ३८० चौ. मिमी. म्हणजे प्रत्येक पॅडवर जवळजवळ ९७० न्यूटन! एका बोटाने सायकल थांबते ती अशी.

आता नळीत हवा शिरली तर काय होतं? तेल जवळपास दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळी आतून साधारण २ मिमीची असते. तिच्यात फक्त २ सेंमी लांबीचा हवेचा बुडबुडा असला तरी त्याचं आकारमान ६३ घन मिमी होतं. २.५ मेगापास्कलला तो पंचविसाव्या भागाइतका आकसतो. ही जागा भरायला मास्टर पिस्टनला ०.८ मिमी जास्त सरकावं लागतं, आणि बोटापाशी लिव्हर सुमारे ४ मिमी फुकट जातो. असे चार-पाच बुडबुडे झाले की लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. त्यालाच आपण ‘ब्रेक स्पंजी झाला’ म्हणतो.

तेल कोणतं? इथे चूक नको

ब्रेकमध्ये दोन प्रकारचं तेल येतं: मिनरल ऑईल आणि डॉट फ्लुइड. शिमानो, मागुरा आणि टेक्ट्रो मिनरल ऑईल वापरतात. स्रॅमचे बहुतेक ब्रेक डॉटवर चालतात, पण २०२२ मध्ये आलेला डीबी ८ आणि २०२४ मधला मॅव्हेन मिनरल ऑईलवर आहेत. त्यामुळे नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका, लिव्हरवर काय छापलंय ते वाचा. दोन्हींचे रबरी सील वेगवेगळ्या मटेरियलचे असतात. चुकीचं तेल भरलं की सील फुगतात आणि अख्खा ब्रेक बाद होतो. मोटरसायकलचं उरलेलं ब्रेक ऑईल ‘चालेल रे’ म्हणून ओतायचं नाही.

डॉट फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतं. मानकानुसार डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. मिनरल ऑईल पाणी शोषत नाही, पण आत गेलेलं पाणी तळाला कॅलिपरमध्ये, म्हणजे नेमकं सर्वात गरम जागी जाऊन बसतं.

उष्णता किती होते? सायकलसह ९० किलो वजन ५०० मीटर उतरलं तर सुमारे ४४० किलोज्यूल ऊर्जा सुटते. एवढ्यात जवळजवळ १.४ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला येईल. काही ऊर्जा वाऱ्यात जाते, बाकीची ब्रेकमध्ये. तेलातलं पाणी उकळलं की वाफ झाली, आणि वाफ हवेसारखीच दबते. ब्रेक घाटाच्या मध्यावरच जातो तो यामुळे.

साहित्य

योग्य तेल, ब्रेकच्या मॉडेलचं ब्लीडिंग किट (नरसाळं, सिरिंज, नळी, प्लास्टिकचा ब्लॉक), ७ चा रिंग पाना, २.५ ची अ‍ॅलन की, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ फडकी, हातमोजे. डॉट असेल तर चष्माही हवा. ते कातडीला आणि रंगाला खातं.

कृती (नरसाळं लावायच्या मिनरल ऑईल ब्रेकसाठी)

१. चाक आणि पॅड काढून तेलापासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवा. रोटरवर तेलाचा एक थेंबही पडता कामा नये.

२. लिव्हर आडवा, सपाट करा. वरचा छोटा स्क्रू काढा, त्याची ओ-रिंग हरवू नका. तिथे नरसाळं बसवून थोडं तेल ओता. मग प्लास्टिकच्या टायर लिव्हरने कॅलिपरचे पिस्टन हळूच आत ढकला आणि मध्ये ब्लॉक बसवा.

३. सिरिंजमध्ये तेल भरून तिच्यातली आणि नळीतली हवा आधी बाहेर काढा. कॅलिपरच्या निपलवर पाना चढवून मगच नळी लावा. निपल अष्टमांश फेरा सैल करा आणि तेल सावकाश वर ढकला. बुडबुडा स्वभावाने वरच जातो, म्हणून खालून वर. नरसाळ्यात बुडबुडे यायचे थांबले की निपल बंद करा.

४. सिरिंज काढून नळीचं टोक बाटलीत सोडा. निपल उघडा, वरचं तेल खाली येऊ द्या. कॅलिपर आणि नळीवर पान्याच्या मुठीने टकटक करा, चिकटलेले बुडबुडे सुटतात. नरसाळं रिकामं होऊ देऊ नका, नाहीतर हवा परत आत जाऊन पहिल्यापासून सुरुवात. शेवटी लिव्हर दाबून धरा आणि निपल अर्ध्या सेकंदासाठी उघडून बंद करा. असं दोन-तीनदा करून निपल घट्ट करा.

५. आता लिव्हर हळूहळू दाबत राहा. तो पुढे-मागे साधारण ३० अंश तिरका करूनही दाबा. नरसाळ्यात बुडबुडे येणं थांबलं आणि लिव्हर टणक झाला की काम झालं.

६. नरसाळ्याला बूच लावून ते काढा. भोकात तेल काठोकाठ असतानाच स्क्रू बसवा. त्याला जोर लावू नका, अर्धा न्यूटन-मीटर पुरतो. निपलला ४ ते ६ न्यूटन-मीटर.

७. सगळं पुसा, अल्कोहोलने साफ करा, हात धुवा. पॅड आणि चाक बसवून लिव्हर दहा-बारा वेळा दाबा. मग एक मिनिट जोरात दाबून धरा. लिव्हर हळूहळू आत जात असेल तर कुठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत सायकल रस्त्यावर काढायची नाही.

वापरलेलं तेल मोरीत ओतू नका. जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

दुखणं ओळखा

लिव्हर मऊ लागतो: हवा आहे, ब्लीड करा.
लिव्हर लांब जातो पण शेवटी टणक: पॅड झिजलेत. जाडी ०.५ मिमी उरली की बदला.
कर्कश आवाज आणि ब्रेक कमी: पॅडला तेल लागलंय. रोटर अल्कोहोलने पुसा, पॅड बहुधा बदलावेच लागतील.
रोटर घासतो: कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट परत आवळा.

रोजची काळजी

पंक्चर काढायला सायकल उलटी करायची आपली जुनी सवय. पण उलट्या सायकलीत लिव्हरच्या टाकीतली हवा नळीत शिरू शकते. सरळ केल्यावर लिव्हर दाबून पाहिल्याशिवाय निघू नका. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. चेनला ऑईल स्प्रे मारताना रोटर झाकून ठेवा. रोटर १.८ मिमीचा असतो, १.५ मिमीवर आला की बदला. नवीन पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावा, पूर्ण पकड त्यानंतरच येते. डॉट फ्लुइड वर्षातून एकदा बदला, शक्यतो पावसाळा संपल्यावर.

पहिल्या वेळेला दोन तास जातील, नंतर अर्ध्या तासात होतं. पहिल्यांदा करताना जवळ एखादा मित्र असू द्या, एकाने नरसाळ्यावर लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्याने निपलवर. आणि काम झाल्यावर पहिली चाचणी कॉलेजच्या सपाट रस्त्यावर घ्या, घाटात नाही.