फॉर्मॅट मारण्याआधी

पुणे,
१७ ऑगस्ट २०२५

चि. छोटीस,


काल फोनवर तुझा आवाज रडवेला वाटला, म्हणून मी फार बोलले नाही. शिवाय हे असं आहे की पुन्हा पुन्हा काढून वाचावं लागेल. म्हणून लिहूनच पाठवते.

कळमनुरीच्या त्या टायपिंगच्या वर्गातले जुने संगणक तू डेबियन लिनक्सवर आणलेस, याचा मला खरोखर अभिमान आहे. विंडोज १० ची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबरला थांबणार आणि विंडोज ११ त्यांच्यावर चढणार नाही. चालते संगणक भंगारात गेले असते. दर रविवारी रात्री आपोआप नवी इमेज, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरची तयार प्रत, बनावी आणि सोमवारी ती वर्गात चढावी, ही व्यवस्थाही तू एकटीनं उभी केलीस. मागच्या रविवारी ती पहिल्यांदा मोडली. तेव्हा तू बिल्ड पाच वेळा पुन्हा चालवलीस, कॅश पुसलीस, जागा करायला जुन्या इमेज उडवल्यास आणि शेवटी स्वतःच्या लॅपटॉपलाच फॉर्मॅट मारलास.

आपल्याकडे दुकानात संगणक नेला की पहिला प्रश्न असतो, "फॉर्मॅट मारू का?" मारला की संगणक सुरू होतो आणि सगळे खूश होतात. पण तो का बंद पडला होता, ते त्यासोबत पुसलं जातं. एका संगणकापुरतं हे एक वेळ खपून जाईल. तुझ्या कामात नाही खपणार, कारण इमेज स्क्रिप्टमधून जन्मते. दोष स्क्रिप्टमध्ये राहिला, तर दर रविवारी तो नव्यानं तयार होणार.

बरं झालं, पहिल्या फसलेल्या बिल्डचा लॉग तू मला आधीच मेल केला होतास. तू त्याची शेवटची ओळ वाचलीस. तिथे 'बिल्ड फेल' याशिवाय काहीच नाही. लॉग वरून खाली वाचत ये आणि पहिली चूक गाठ. खालच्या बहुतेक चुका तिच्याच पोटच्या असतात. तुझ्या लॉगमध्ये ती बरीच वर आहे: ३२ बिटच्या कर्नलचं पॅकेज सापडत नाही. आदल्या रविवारी तेच पॅकेज सापडलं होतं आणि स्क्रिप्टमधलं एक अक्षरही तू बदललेलं नाहीस. मग बदललं काय?

९ ऑगस्टला, शनिवारी, डेबियन १३ म्हणजे 'ट्रिक्सी' आली. तुझ्या स्क्रिप्टमध्ये 'बुकवर्म' हे आधीच्या आवृत्तीचं नाव नाही, नुसतं 'स्टेबल' आहे. शुक्रवारी 'स्टेबल' म्हणजे बुकवर्म होती, रविवारी ट्रिक्सी झाली. आणि ट्रिक्सीत ३२ बिटच्या पीसीसाठी कर्नल देणं डेबियननं बंद केलंय. कोपऱ्यातल्या चार ३२ बिटच्या संगणकांची इमेज आधी बनते, म्हणून बिल्ड तिथेच अडली. क्रम उलटा असता, तर बाकीचा सगळा वर्ग सोमवारी सकाळी कुणालाही न विचारता नव्या आवृत्तीवर गेला असता. अडली हे तुझं नशीब.

'स्टेबल' खोड आणि 'बुकवर्म' लिही. तिचा नेहमीचा सांभाळ पुढच्या जूनपर्यंत आहे, तोवर त्या चार संगणकांचं काय करायचं ते ठरव. ट्रिक्सीवर जायचंच आहे, पण तू ठरवशील त्या दिवशी.

'कालपर्यंत चालत होतं' हे रडगाणं म्हणून सांगू नकोस. तो सगळ्यात मोठा धागा आहे. मी तो एकदा सोडला आणि दोन दिवस वाया घालवले. २०१९ साली एका ठिकाणी तीस संगणकांवर मी एकच इमेज चढवली. एकेक सुरू केला की उत्तम चाले, सगळे सुरू केले की नेटवर्क कोसळे. मी केबल बदलल्या, नवा स्विच आणवला. तिसऱ्या दिवशी दोन संगणकांचे लॉग शेजारी ठेवले, तेव्हा दिसलं की दोघंही राउटरकडे एकाच ओळखीनं पत्ता मागताहेत. इमेज घेण्याआधी मी मूळ संगणक एकदा सुरू केला होता. त्या वेळी तयार झालेला ३२ अक्षरांचा मशीन-आयडी तीसही जणांत उतरला, आणि राउटरनं तिसांना एकच पत्ता दिला. मशीन-आयडीची फाइल इमेजमध्ये रिकामी ठेव, म्हणजे प्रत्येक संगणक पहिल्या वेळी आपला आयडी स्वतः करील. एसएसएचच्या किल्ल्याही इमेजमध्ये राहू देऊ नकोस. त्या प्रत्येक संगणकावर नव्या करून घे.

वर्गातला एखादाच संगणक अपडेट घेत नसेल, तर आधी त्याचं घड्याळ बघ. मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा गोल सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागच्या सालात जाते. मग रिपॉझिटरीची आजची यादी त्याला अजून लागूच न झालेली वाटते आणि तो ती नाकारतो. सेल बदल, बाकी कशाला हात लावू नकोस.

जुन्या इमेज उडवल्यास, याचं मात्र मला वाईट वाटलं. तुझे बाबा सगळी हळद कधी मोंढ्यावर नेतात का? बेणं आधी बाजूला काढतात. शेवटची चाललेली इमेज हे तुझं बेणं आहे. ती बाहेरच्या डिस्कवर ठेव आणि तारखेसकट तिचं नाव लिही.

आणि नवी इमेज आधी एकाच संगणकावर चढव. दोन दिवस मुलांना त्यावर टायपिंग करू दे, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड नीट उमटतो का ते बघ, मगच बाकीच्यांवर जा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकदम गेली. ७८ मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली, तरी तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते. आपल्या विमानतळांवर हातानं लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यातले कितीतरी संगणक माणसांनी एकेकापाशी जाऊन उठवले. आधी थोड्याच संगणकांवर पाठवली असती, तर ती तिथेच पकडली गेली असती.

मी पोळ्याला येतेच आहे. आज रात्री बिल्ड चालव. फेल झाली तरी काही पुसू नकोस, लॉग तसाच राहू दे. ओसरीवर बसून आपण दोघी तो पहिल्या ओळीपासून वाचू.

तुझी,
मावशी