शंभर पोती तांदूळ

जपान देशात नागाओका नावाचे शहर आहे. जपानची राजधानी टोकियो. तिच्या उत्तरेला डोंगर ओलांडून गेले की निईगाता प्रांत लागतो. तेथे शिनानो नदीच्या काठी हे गाव वसले आहे. शिनानो ही जपानातील सर्वांत लांब नदी. लांबी ३६७ किलोमीटर. सगळा मुलूख भातशेतीचा.

हिवाळ्यात येथे बर्फ फार. समुद्रावरून गार वारे येतात, डोंगराला अडतात आणि बर्फ पडू लागतो. रस्ते बंद होत. मग १९६१ साली लोकांनी रस्त्यात नळ पुरले. जमिनीतले पाणी थंडीतही कोमट असते. ते नळातून रस्त्यावर सोडले की बर्फ वितळतो. किती साधी युक्ती!

आता जुनी गोष्ट ऐका. १६१८ सालापासून येथे माकिनो घराण्याची सत्ता होती. अडीचशे वर्षे अशीच गेली. मग १८६८ साली जपानात यादवी माजली. सम्राटाचा पक्ष एकीकडे, शोगुन म्हणजे सेनापतीचा पक्ष दुसरीकडे. नागाओकाचा कारभारी कावाई याला कोणाच्याच बाजूला जायचे नव्हते. बोलणी फिसकटली. लढाई झाली. किल्ला गेला, परत घेतला, पुन्हा गेला. गाव जळून राख झाले. कावाई जखमी होऊन मेला.

हरलेल्यांचे उत्पन्न ७४ हजार कोकूंवरून २४ हजारांवर आणले. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. तेव्हा हिशेब तुम्हीच करा. काल तलवार लावून फिरणाऱ्यांच्या घरी आज चूल पेटेना.

१८७० साली मिनेयामा येथील नातलग घराण्याला दया आली. त्यांनी शंभर पोती तांदूळ पाठवला. तांदूळ घरोघर वाटावा, असे लोकांना वाटले. त्यांचे काय चुकले? पोरे उपाशी होती. पण वाटला तर घरटी किती येणार? थोड्या दिवसांत संपणार.

तेव्हा कारभारात कोबायाशी तोरासाबुरो नावाचा विद्वान गृहस्थ होता. प्रकृतीने अशक्त. लढाई नको, असे तो आधीपासून म्हणत होता. त्याने तांदूळ वाटला नाही, विकला. आलेला पैसा शाळेला लावला. लोक रागावले, पण तो हटला नाही. मी जन्मभर मास्तरकी केली, तरी त्याच्या जागी मला हे धैर्य झाले असते, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

त्याच वर्षी शाळेची नवी इमारत उघडली. या शाळेत लढवय्यांच्या मुलांबरोबर शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मुलांनाही घेत. त्या काळी ही मोठीच गोष्ट.

शहर पुन्हा उभे राहिले, आणि पुन्हा जळाले. १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री साडेदहाला अमेरिकन विमाने आली. त्यांनी आगीचे बाँब टाकले. सुमारे दीड हजार माणसे मेली. शहराचा बहुतेक भाग भस्म झाला. दोनच आठवड्यांनी युद्ध थांबले.

लोकांनी परत घरे बांधली. १९४७ सालापासून शोभेचे दारूकामही पुन्हा सुरू केले. ते आज साऱ्या जपानात नावाजलेले आहे. मोठी आतषबाजी होते ती २ आणि ३ ऑगस्टला. पण १ तारखेला, रात्री बरोबर साडेदहाला, फक्त पांढरे बाण उडवतात. पांढऱ्या शेवंतीसारखे ते आकाशात फुलतात. गेलेल्या माणसांसाठी.