आधी घरच्या ताटात, मग बाजारात : जीवनसत्त्वांचा पाठ



भाताच्या रोपावर तांबूस ठिपके दिसू लागले, वाढ खुंटली, की जाणता शेतकरी ओळखतो की जमिनीत जस्त कमी पडले आहे. युरिया कितीही घातला तरी ही उणीव भरून निघत नाही. एकरी दहा किलो झिंक सल्फेट टाकले, की तेच पीक सावरते. खत पोत्यांनी लागते, जस्त किलोंनीच लागते. पण जे थोडे लागते तेच नसले तर पोत्यांचे खत वाया जाते.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे. पोटभर भात-भाकरी खाणारे मूलही आजारी पडू शकते, कारण त्याच्या ताटात जीवनसत्त्वे नसतात. जीवनसत्त्वे म्हणजे काय, ती कमी पडली तर काय बिघडते आणि शेतकऱ्याच्या घरी ती कशी टिकवावीत, हे या पाठात पाहू.

१. जीवनसत्त्वे म्हणजे काय?

भात, भाकरी, तेल व तूप यांपासून आपल्याला काम करण्याची शक्ती मिळते. डाळी, दूध, अंडी व मासळी यांपासून शरीराची बांधणी होते. पण ही सर्व कामे सुरळीत चालण्यासाठी आणखी काही द्रव्ये अगदी अल्प प्रमाणात लागतात. ती बहुतेक शरीरात तयार होत नाहीत, अन्नातूनच घ्यावी लागतात. त्यांना जीवनसत्त्वे म्हणतात. 'ब-१२' हे जीवनसत्त्व मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग! पण एवढेसे वर्षानुवर्षे मिळाले नाही तर रक्त आणि नसा दोन्ही बिघडतात.

हे ज्ञान मिळाले ते कोंबड्यांमुळे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. या रोगात पाय लुळे पडतात. त्यांच्या कोंबड्यांनाही तसाच रोग जडला आणि काही महिन्यांनी आपोआप बराही झाला. शोध घेता कळले, की मध्यंतरी कोंबड्यांना लष्करी इस्पितळातील पांढऱ्या सडलेल्या तांदळाचा भात घालीत होते. नव्या स्वयंपाक्याने तो देण्याचे नाकारल्यावर त्यांना कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. म्हणजे औषध कोंड्यात होते! पुढे १९१२ साली कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना 'व्हिटामिन' हे नाव सुचविले. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

२. 'अ' जीवनसत्त्व : मुलांचे डोळे

दिवेलागणीच्या वेळी एखादे मूल अडखळू लागले, अंगणात खेळायला जाईनासे झाले, पुढ्यातली वाटी चाचपडू लागले, तर ते आळशी किंवा भित्रे आहे असे समजू नये. हा रातांधळेपणा असू शकतो. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो व त्यावर फेसासारखे पांढुरके ठिपके दिसतात. येथवर उपाय झाला तर डोळा वाचतो. बुबुळावर व्रण पडून ते विरघळू लागले, की गेलेली दृष्टी परत येत नाही. गोवर झालेल्या मुलाच्या शरीरातील 'अ' जीवनसत्त्व झपाट्याने संपते. म्हणून गोवर आलेल्या मुलाला अंगारे-धुपारे करीत घरात ठेवू नये, दवाखान्यात न्यावे.

'अ' जीवनसत्त्व यकृत (कलेजी), अंड्याचा पिवळा बलक, दूध व लोणी यांत असते. शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी, अळू या हिरव्या पानांत आणि पिकलेली पपई, आंबा, गाजर, तांबडा भोपळा यांत त्याचे मूळ द्रव्य असते. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवते. ते अंगी लागण्यासाठी तेल किंवा तूप हवे, म्हणून पालेभाजीला चमचाभर तेलाची फोडणी असावी.

येथे आपल्या भागापुरती एक गोष्ट सांगतो. बेळगाव-खानापूरकडे रताळी खूप पिकतात. पण आतून पांढऱ्या असलेल्या रताळ्यात हे द्रव्य जवळजवळ नसते. आतून नारिंगी असलेल्या रताळ्यात ते भरपूर असते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने 'भू सोना' नावाचे असे नारिंगी गराचे वाण काढले आहे. विक्रीसाठी नेहमीचे वाण लावावे, पण घरासाठी दोन सऱ्या नारिंगी रताळ्याच्या लावल्यास मुलांचे भले होईल.

सरकारतर्फे १९७० सालापासून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस दिला जातो. नववा महिना पूर्ण झाल्यावर गोवराच्या लसीबरोबर १ लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास २ लाख, आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, असे एकूण नऊ डोस असतात. पहिले दोन-तीन डोस बहुतेक आया चुकवीत नाहीत, पुढचे विसरतात. घरातील मुलाचे कार्ड आजच काढून पाहा.

३. 'ब' जीवनसत्त्वे : तांदूळ, ज्वारी आणि गरोदर माता

'ब' हे एक नसून मोठे कुटुंब आहे. त्यातील चौघांची ओळख करून घेऊ.

'ब-१' तांदळाच्या कोंड्यात असते. गिरणीत तांदूळ जितका पांढरा करावा तितके ते जाते. आपल्या व गोव्याच्या घरांतील उकडा तांदूळ मात्र शहाणपणाचा आहे. भात सालीसकट उकडताना कोंड्यातील 'ब-१' दाण्यात शिरते व पुढे सडला तरी बरेच टिकते. पाहुण्यांसमोर उकड्या भाताची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

'ब-३' म्हणजे नायासिन. हे कमी पडले की पेलाग्रा होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, विशेषतः गळ्याभोवती व हातांवर, काळे खरबरीत चट्टे उठतात, जुलाब होतात व शेवटी बुद्धीही भ्रमते. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग दाखवून दिला. ज्वारीतील ल्यूसिन हा घटक याला कारण आहे असे त्यांचे मत होते. त्या कारणाविषयी पुढे मतभेद झाले, पण उपायाविषयी नाही. ज्वारी वाईट नाही, नुसती ज्वारी वाईट. भाकरीबरोबर डाळ, दूध किंवा मूठभर शेंगदाणे असले की हा रोग दूर राहतो. मूठभर शेंगदाण्यांत मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ चौथा हिस्सा नायासिन असते.

तिसरे फोलिक आम्ल. याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ साली डॉ. लूसी विल्स या इंग्रज बाई मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होऊन त्या दगावत असत. यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचे रक्त सुधारते, असे डॉ. विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. दहा वर्षांनी, १९४१ साली, तेच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात, त्यावरून फोलिक हे नाव पडले.

गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा यांची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळण्याआधीच. म्हणून नवविवाहितेने पालेभाज्या व कडधान्ये आधीपासूनच नियमाने खावीत आणि फोलिक आम्लाच्या गोळीविषयी आरोग्यसेविकेला विचारावे. चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या १८० दिवस रोज घ्याव्यात. गोळीने शौचास काळी होते एवढ्यावरून ती टाकून देऊ नये. घरातील सासूबाईंना आमची विनंती आहे की सुनेची गोळी त्यांनीच आठवणीने द्यावी. घरात सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेसुरले तिच्या वाट्याला येत असेल, तर गोळी एकटी काय करणार?

चौथे 'ब-१२'. हे केवळ प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात, म्हणजे दूध, दही, अंडी, मासळी व मांस यांत असते. हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल होऊन दुखणे, विसरभोळेपणा ही उणिवेची लक्षणे आहेत. वय वाढले की ते पचनातून नीट शोषले जात नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांची ही लक्षणे वयावर ढकलू नयेत. प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांनी मुलांचे व गरोदर स्त्रियांचे दूध-अंडे बंद करू नये.

४. 'क' आणि 'ड'

'क' जीवनसत्त्वाने हिरड्या बळकट राहतात, जखमा भरतात. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. आपल्याकडे संत्र्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम 'क' असते, संत्र्याच्या चौपटीहून थोडे अधिकच. मोठ्या पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम पुरते. आवळा तर पेरूच्याही पुढे आहे. 'क'चा आणखी एक उपकार म्हणजे भाकरी-भाजीतील लोह शोषून घेण्यास ते मदत करते. म्हणून जेवताना लिंबू पिळावे, आणि चहा जेवणाबरोबर न घेता तासभर नंतर घ्यावा.

'ड' जीवनसत्त्व त्वचेवर ऊन पडल्याने तयार होते. ते नसले तर मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. शेतात राबणाऱ्यांना ते सहसा मिळते. घरात बसलेली वृद्ध माणसे, बाळंतिणी व तान्ही मुले यांना मिळत नाही. सकाळचे कोवळे ऊन सुखावह असले तरी त्यात हे फार थोडे तयार होते; दहा-अकरानंतरचे ऊन उपयोगी. मोठ्यांनी हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ त्यात बसावे. तान्ह्या बाळाला भर उन्हात ठेवू नये; त्याच्यासाठी थेंब मिळतात, ते डॉक्टरांना विचारून द्यावेत.

५. चुलीवर होणारी गळती

शेतातून घरी आलेली जीवनसत्त्वे मोरीत वाहून जातात, ती अशी थांबवावीत :

(क) भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवू नये.
(ख) थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, लागेल तेवढेच शिजवावे. उकळलेले पाणी आमटीत घालावे.
(ग) रंग हिरवा राहावा किंवा डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नये. त्याने 'ब-१' व 'क' नष्ट होतात.
(घ) तांदूळ चोळून चोळून चार पाण्यांनी धुऊ नये. पेज फेकू नये, मीठ घालून प्यावी.
(ङ) मूग, मटकी यांना मोड आणावेत. सुक्या दाण्यात नसलेले 'क' मोडात तयार होते.
(च) शेवग्याचा पाला वाळवायचा असल्यास सावलीत वाळवावा.

६. परसातील औषधालय

मोरीचे पाणी जेथे जाते तेथे अर्धा गुंठा जागा पुरे. एक शेवगा, दोन पपया, एक लिंबू, एक पेरू, मांडवावर तांबडा भोपळा आणि खाली राजगिरा, मेथी, अळू. शेवगा मात्र पाणी साचणाऱ्या जागी लावू नये, उंचवट्यावर लावावा. 'पीकेएम-१' हे तमिळनाडूचे आणि 'भाग्या' हे आपल्याच जिल्ह्यातील अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयाचे वाण बियांपासून लावता येते. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात व पाला हाताशी राहतो. ज्या पिकावर नुकतीच फवारणी झाली आहे, त्याच्या बांधावरचा पाला तोडू नये.

आता मुख्य गोष्ट. बाजाराच्या दिवशी पहाटे अंडी, पपई, पेरू, दूध सारे टोपलीत भरून मंडईला जाते आणि संध्याकाळी त्या पैशांतून बिस्किटांचे पुडे, रंगीत सरबत व टॉनिकची बाटली घरी येते. हा व्यवहार तोट्याचा आहे. आम्ही विकू नका असे म्हणत नाही. शेतकऱ्याला पैसा लागतोच. पण टोपली भरण्याआधी मुलांची अंडी, गरोदर बाईचे दूध आणि घरची पालेभाजी बाजूला काढावी. जशी आपण बियाण्याची पायली आधी बाजूला काढतो, तशीच.

गोळ्या व टॉनिक यांना त्यांची जागा आहे, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर. 'अ' व 'ड' शरीरात साठून राहतात, म्हणून जास्त घेतल्यास अपाय होतो. गरोदरपणी 'अ'च्या जास्त शक्तीच्या गोळ्या मनाने घेतल्यास गर्भाला धोका असतो. शेवग्याच्या भाजीने असा धोका कोणालाही होत नाही.

घरी व महिला मंडळात चर्चेसाठी प्रश्न :

१) गेल्या आठवड्यात आपल्या घरी हिरवी पालेभाजी किती दिवस शिजली?
२) मुलाच्या कार्डावर 'अ' जीवनसत्त्वाचे किती डोस नोंदले आहेत?
३) आपण बाजारात काय विकतो आणि त्या पैशांतून खायचे काय आणतो?
४) पावसाळ्याआधी परसात कोणती दोन झाडे लावता येतील?

या चार प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी मिळून एका कागदावर लिहावीत. तो कागद चुलीजवळ लावून ठेवावा आणि पुढच्या सुगीला पुन्हा वाचून पाहावा.