घरातला फवारा आणि टाकीतले कोपेपॉड

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासा मेला की लगेच कळतं. कोपेपॉड मेले तर काहीच कळत नाही. पाणी तसंच नितळ, प्रवाळांसारखे दिसणारे झोआंथस तसेच फुललेले, क्लाउनफिश तसाच खादाड. काही आठवड्यांनी मँडरीन माशाचं पोट खपाटीला जातं, तेव्हा कुठे शंका येते आणि तोवर उशीर झालेला असतो. निपाणीत माझ्या घरी हे घडलं. आता बेळगाव, चिकोडी, संकेश्वरकडची तरुण मुलं समुद्री टाकी लावायची म्हणून विचारायला येतात, तेव्हा मी दिवे आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातला मळ काढणारं यंत्र) यांच्या आधी हेच सांगायला बसतो.

कोपेपॉड म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे जीव. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लू एकामागून एक कात टाकत जातं. आधी सहा अवस्था, मग आणखी पाच, आणि त्यानंतर पूर्ण वाढलेला जीव. टाकीत बहुतेक जण टिस्बे नावाचे कोपेपॉड सोडतात. पंचवीस अंशांच्या आसपास पाणी असलं की त्यांची एक पिढी साधारण दोन आठवड्यांत तयार होते. दगडावरचं बुळबुळीत शेवाळ, वाळूत अडकलेले खाण्याचे कण, विष्ठा यांवर ते जगतात, आणि त्यांची पिल्लं पाण्यात तरंगत मासे-प्रवाळांच्या तोंडी जातात. थोडे मोठे अँफिपॉड दगडांच्या फटींत राहून हीच सफाई करतात. मँडरीन तर दिवसभर दगड टोचत फिरतो. बहुतेक मँडरीन सुकं खाणं तोंडात घेत नाहीत. कोपेपॉड संपले की ते समोर पडलेल्या दाण्यांकडे न बघता उपाशी मरतात.

रात्री दिवे मालवून टॉर्च मारली की काचेवर पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसतात. "काय बघालाईस रे मध्यरात्री?" असं आई विचारायची. टाकीची खरी तब्येत मला त्याच वेळी कळते, त्यामुळे ती सवय मी सोडली नाही.

हे घडलं त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला गल्लीत डासांसाठी धूर मारला होता आणि घरोघरी लिक्विडची मशिनं रात्रभर चालू होती. काही दिवसांनी टॉर्चच्या उजेडात काच कोरी दिसली. क्षारता ३५, अमोनिया शून्य, तापमान ठीक, मासे ठीक. वाळू ढवळली तरी एकही अँफिपॉड उडाला नाही. गोगलगायी मात्र मजेत काचेवर फिरत होत्या. त्यांच्याकडे बघूनच मला दिशा मिळाली. मऊ अंगाचे जीव जिवंत आणि कवच टाकणारे तेवढे साफ, म्हणजे पाण्यात कीटकनाशक उतरलं असणार. प्रयोगशाळेचा कागद माझ्याकडे नाही, पण बाकी सगळ्या शक्यता तपासून झाल्यावर हीच उरली.

कारण सरळ आहे. कीटक आणि कवचधारी हे दोघेही संधिपाद. डासाची मज्जासंस्था ज्या औषधाने कोलमडते, त्याने कोपेपॉडचीही कोलमडते. डासांच्या मशिनमधली ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं. जनावरांच्या गोचिडांवर आणि पिकावर मारतात ते सायपरमेथ्रिनही त्याच गटातलं. ही औषधं माशांनाही घातक आहेत, पण कवचधाऱ्यांना त्याहून कितीतरी कमी मात्रा पुरते. टाकीचा हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो आणि स्किमर तर हवेचा फेसच करतो. खोलीत जे उडतं ते पाण्यात जातंच.

आमच्या गावाला याच्या जोडीला तंबाखू आहे. निपाणीचं पोट विडीच्या तंबाखूवर. हंगामात वखारीत माल चाळायला घेतला की खकाणा अख्ख्या गल्लीत तरंगतो. निकोटिन पाण्यात सहज विरघळतं आणि ते मुळात कीटकनाशकच आहे. आपले जुने शेतकरी माव्यावर तंबाखूचा काढा मारायचे तो त्यामुळेच. फिलिपिन्समध्ये मत्स्यतळ्यांतल्या गोगलगायी आणि नको असलेले मासे मारायला तंबाखूची भुकटी वापरतात. म्हणून तंबाखू मळलेला, वखारीतून आलेला किंवा विड्या वळून उठलेला हात टाकीत जाता कामा नये. घरातलं माणूस कितीही वडीलधारं असो, "तात्या, आधी हात कोपरापर्यंत धुवा" हे न लाजता म्हणायचं. साबणाचा अंशही राहू नये म्हणून नंतर साध्या पाण्याने पुन्हा धुवायचे.

टाकीच्या खोलीत डासांचं मशिन, अगरबत्ती, झुरळांचा फवारा यांतलं काहीही नको. तिथे मच्छरदाणी लावा. हवेच्या पंपाची नळी लांब करून पंप स्वच्छ हवेच्या बाजूला ठेवा. गल्लीत धूर मारणारी गाडी आली किंवा शेजारी वाळवीचं औषध मारायला घेतलं, तर खिडक्या लावून हवेचा पंप आणि स्किमर बंद करा, टाकीवर प्लॅस्टिक अंथरा, पाणी फिरवणारा पॉवरहेड मात्र चालू राहू द्या. वास गेला की प्लॅस्टिक काढून पंप सुरू करायचा. पाणी ज्या वाटेने फिरतं तिथे ताजा सक्रिय कोळसा कायम असू द्या आणि शंका आली की तो लगेच बदलून पाण्याचा मोठा हिस्साही बदला.

दुकानातल्या औषधांचंही असंच आहे. माशांवरच्या उवा आणि अँकर वर्म हे स्वतःच कवचधारी. अँकर वर्म तर कोपेपॉडच. जे औषध त्यांना मारतं ते तुमच्या टाकीतल्या पॉडना, म्हणजे कोपेपॉड-अँफिपॉडना, सोडत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं उत्तम चालतं, पण ते वेगळ्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत. दगडात एकदा मुरलेलं तांबं पुढे बराच काळ पाण्यात उतरत राहतं. पाण्याबाबतही तशीच काळजी घ्या. बेळगावात राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी असो की आमच्याकडचं बोअरचं, मीठ कालवायचं ते आरओ-डीआय गाळणीच्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणाऱ्या पाण्यातच.

पॉडची बाटली मुंबईहून वा चेन्नईहून मागवताना एप्रिल-मे टाळा. बसच्या डिकीत ती शिजते. बाटली निम्मीच भरलेली, थर्माकोलच्या खोक्यात आणि रात्रीच्या गाडीने यावी. सोडायची तीही दिवे मालवून, पंप थोडा वेळ थांबवून, दगडांच्या फटींपाशी. वळवाच्या पावसात आमच्याकडे वीज हमखास जाते, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप आधीच घेऊन ठेवा.

आंबोली उतरून वेंगुर्ल्याला किंवा चोर्ल्यातून गोव्याला गेलं की समुद्र समोरच असतो, आणि तिथून दगड उचलून आणायचा मोह होतो. तसं करू नका. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने किनाऱ्याची क्षारता इतकी घसरते की ते पाणी टाकीला चालतच नाही. सच्छिद्र सिरॅमिकच्या दगडात पॉड उत्तम वाढतात; त्यांना फटी हव्यात, प्रवाळाचा सांगाडा नको.

रिफ्युजियम मला चैन वाटत नाही. मुख्य टाकीखालच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता, वर साधा दिवा, तोही वरचे दिवे बंद झाल्यावर लागणारा. मासे तिथे पोचत नसल्याने पॉडची वीण टिकते. पण फवाऱ्यापुढे हा कप्पाही वाचत नाही, कारण पाणी एकच. म्हणून वेगळं बियाणं ठेवा. मोठी काचेची बरणी, मंद हवा, आणि नॅनोक्लोरोप्सिसचं हिरवं पाणी फिकट हिरवा रंग येईल इतकंच घालायचं. रंग गेला की पुन्हा थोडं. जास्त घातलं तर अमोनिया वाढून बरणीच मरते. केरळात विझिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात शोभिवंत माशांच्या पिल्लांसाठी कोपेपॉड मुद्दाम वाढवतात. घरची बरणी हे त्याचंच छोटं रूप.

ती बरणी आपल्याच घरात नको. आपल्याकडे धूर मारतील तेव्हा ती धुरात सापडेल. माझी एक बरणी बेळगावात शहापूरला मित्राकडे असते, त्याची माझ्याकडे. माझी टाकी पुन्हा भरली ती त्याच बरणीतून. मँडरीन घ्यायचाच असेल तर रात्री काचेवर पॉड सलग काही महिने दाट दिसू द्या, अशी बरणी दुसऱ्या घरी रुजू द्या, आणि दुकानात मासा समोर काही खातो का ते बघूनच पैसे द्या.