मज्जाऊतीची लस आणि मज्जासंस्थेचे विकार

रोगापासून वाचविण्यासाठी दिलेले औषध क्वचित प्रसंगी रुग्णाच्या मज्जासंस्थेलाच इजा करते. भारतातील याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अलर्क रोगावरील, अर्थात रेबीजवरील, जुनी लस होय. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, हे समीकरण लोकांच्या मनात रुजले ते याच लशीमुळे.

अलर्काचे विषाणू जखमेतून चेतातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकत जातात. या प्रवासास बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढ्या अवधीत शरीरात पुरेशी प्रतिपिंडे निर्माण झाली, तर रोग टळतो; लक्षणे प्रकट झाल्यावर मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोचली, ती सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून बनविलेली होती. हे विषाणू मज्जाऊतीत विपुल वाढतात. म्हणून लशीसाठीही तीच ऊती वापरणे क्रमप्राप्त होते. पुढे १९११ च्या सुमारास कसौली येथे सर डेव्हिड सेंपल यांनी प्राण्याच्या मेंदूतील विषाणू फिनॉलने निष्क्रिय करून लस तयार करण्याची पद्धत बसविली. भारतात त्यासाठी मेंढ्यांचे मेंदू वापरीत. ही लस स्वस्त व बनविण्यास सोपी असल्याने दीर्घकाळ प्रचारात राहिली. तिने असंख्य लोकांना आधार दिला, हेही नाकारता येत नाही.

तथापि काही रुग्णांना लस सुरू केल्यापासून साधारणतः दोन आठवड्यांच्या आसपास ताप, डोकेदुखी व वांत्या होत. कोणाचे पाय लुळे पडत व लघवी अडे; कोणाचा पक्षाघात पायांकडून वर चढत जाई; कोणाचा चेहरा वाकडा होई. अनेक रुग्ण बरे होत, परंतु काहींना कायमचे अपंगत्व येई, तर काही दगावत. असे प्रमाण दोन-अडीचशे रुग्णांमागे एक येथपासून काही हजारांमागे एक येथपर्यंत निरनिराळ्या पाहण्यांत आढळले.

याचे कारण विषाणू नव्हते. कारण होते मेंदूची ऊती. अमेरिकेतील टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये निरोगी सशांच्या मेंदूचे अर्क माकडांना वारंवार टोचले, तेव्हा काही माकडांना पक्षाघात झाला. चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. परक्या मेंदूतील मायलिनविरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया उभारते, तीच उलटून स्वतःच्या मायलिनवर घाला घालते. थायलंडमधील रुग्णांच्या अभ्यासातून १९८७ मध्ये मायलिनमधील एका प्रथिनाचा यात प्रमुख वाटा असल्याचे दाखविण्यात आले.

अशा वेळी वैद्यापुढे मोठा पेच उभा राही. लस थांबविणे आवश्यक. पण कुत्रा खरोखरच पिसाळलेला असेल तर? शिवाय अलर्काचाही एक प्रकार पक्षाघातानेच सुरू होतो. त्यामुळे हे लुळेपण रोगाचे की औषधाचे, हे ठरविणेही कठीण जाई. लुळेपणाच्या भीतीने कोणी इंजेक्शने अर्धवट सोडली, तर त्याच्या जिवावर बेतण्याचा संभव असे.

हा पेच सुटला तो मज्जाऊती वगळल्याने. पेशीसंवर्धनात विषाणू वाढवून बनविलेल्या लशीची इराणमध्ये पिसाळलेल्या कुत्र्या-लांडग्यांनी चावलेल्या ४५ जणांवर परीक्षा झाली. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार त्यांपैकी एकालाही रोग झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ पासून मज्जाऊतीच्या लशी बंद करण्याची शिफारस केली. भारतात त्यांचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले.

आजची लस दंडात देतात. तिच्यात मेंदूची ऊती नसते. मात्र जुनी लस गेली तरी तिची भीती अनेकांच्या मनातून गेलेली नाही, आणि ती भीती आता निराधार आहे. कुत्रा चावताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, विनाविलंब रुग्णालयात जावे, वैद्याने सांगितल्यास जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही घ्यावे, आणि लशीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. पूर्वी थोडा तरी धोका लस घेण्यात होता. आज खरा धोका लस न घेण्यातच आहे.